खुबा, गुडघा, प्लास्टर: ठाणे-नवी मुंबईतली ब्युरोची घरपोच नर्सिंग सेवा कितपत कामाची?

हाडाचा पेशंट घरी आणायचा ठरला की डिस्चार्जच्या दिवशीच ब्युरोचा, म्हणजे घरी नर्स-आया पुरवणाऱ्या एजन्सीचा, नंबर हातात पडतो. कधी वॉर्डमधल्या मामांकडून, कधी खालच्या केमिस्टकडून. फोन केला की उत्तर ठरलेलं असतं, "सिस्टर पाठवतो, सगळं येतं तिला." या 'सगळं'मध्ये काय येतं आणि काय येत नाही, ते इथे लिहिलं आहे. एका ब्युरोचं नाव घेऊन उपयोग नाही. ठाणे, कळवा, वाशी, नेरुळ, पनवेल या पट्ट्यात एकच माणूस दोन-तीन ब्युरोंकडे नाव नोंदवून असतो, त्यामुळे ब्युरो बदलला तरी दारात उभी राहणारी मावशी तीच असू शकते.

आधी मत सांगून टाकतो. गुडघे बदललेल्या, उठून बसणाऱ्या पेशंटसाठी दिवसाची सेवा पैसे वसूल आहे. खुब्याच्या पेशंटसाठी पहिले दहा-बारा दिवस ती अपुरी पडते, आणि ती रात्री अपुरी पडते. मणक्याच्या पेशंटला एकटी आया पुरतच नाही. इंजेक्शन-ड्रेसिंगला फेरी मारणाऱ्या नर्सेस बहुतेक चांगल्या असतात, पण गरजेपेक्षा जास्त वेळा बोलावल्या जातात.

येतं कोण?

फोनवर 'सिस्टर' म्हणतात ती नर्स असेलच असं नाही. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा कोर्स, एएनएम दोन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा, आणि या तिघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. बारा तासांच्या ड्यूटीवर जी येते ती सहसा यातली कुणीच नसते. ती आया किंवा केअरटेकर असते. एखाद्या नर्सिंग होममध्ये काम करून शिकलेली, कधी काही महिन्यांचा कोर्स केलेली. पुरुष पेशंट असेल तर मामा किंवा वॉर्डबॉय. अंघोळ, कूस बदलणं, बेडपॅन, भरवणं, वॉकर धरून चालवणं ही त्यांची कामं, आणि त्यात अनेकजणी नर्सपेक्षाही सराईत असतात. इंजेक्शन, जखम उघडणं, कॅथेटर (लघवीची नळी) घालणं ही त्यांची कामं नाहीत. अडचण होते ती आयाचे पैसे देऊन नर्सचं काम करून घेतलं जातं तेव्हा, आणि नर्सचे पैसे घेऊन आया पाठवली जाते तेव्हा. दोन्ही सर्रास चालतं.

म्हणून फोनवर "अनुभव किती?" विचारण्यात अर्थ नाही, पाच वर्षं हेच उत्तर येतं. त्यापेक्षा असं विचारा: "खुब्याचा गोळा बदललेल्या पेशंटला कुठल्या कुशीवर वळवणार, आणि उशी कुठे ठेवणार?" जिने हे काम केलंय ती लगेच सांगते, "चांगल्या बाजूला, पायांच्या मध्ये दोन उश्या." जिला येत नाही ती म्हणते, "तुम्ही सांगाल तसं." प्रामाणिक उत्तर आहे हेही, अशी बाई शिकते. भीती तिची वाटावी जी म्हणते, "काही टेन्शन घेऊ नका."

नर्स म्हणून दर लावला असेल तर कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. चांगला ब्युरो तो व्हॉट्सअॅपवर लगेच पाठवतो. आधारकार्डाची प्रत आणि पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे तर मागाल तुम्ही, ते सोसायटीचा वॉचमनही मागतो.

रात्र

चोवीस तासांच्या माणसाचा दर दोन बारा-तासांच्या ड्यूट्यांच्या बेरजेपेक्षा बराच कमी असतो. कारण उघड आहे, ती बाई रात्री झोपणार आहे. झोपायलाच हवं तिला, दिवसभर राबते. घरच्यांना मात्र वाटतं की चोवीस तास म्हणजे चोवीस तास जागी. मग रात्री अकराला उताणा ठेवलेला पेशंट सकाळी सहालाही उताणाच सापडतो. माकडहाडावर आणि टाचांवर सात तास एकाच जागी दाब राहिला, तर म्हाताऱ्या, रोडावलेल्या, हिमोग्लोबिन कमी असलेल्या पेशंटची कातडी पहिल्या एक-दोन रात्रीतच लाल पडते. ती लाली बोटाने दाबून बघायची. दाबल्यावर फिकी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर आत इजा झालेली आहे, आणि त्या जागी दाब पडताच कामा नये. त्यावर तेल किंवा पावडर चोळायची नाही. चोळल्याने रक्तपुरवठा वाढतो हा समज सगळ्या मावश्यांचा असतो. प्रत्यक्षात आधीच दुखावलेल्या पेशी आणखी चिरडल्या जातात.

पाठीखाली हवेची गोल रिंग द्यायची पद्धतही अजून टिकून आहे. रिंगच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. घेऊ नका.

खुब्याच्या वयस्क पेशंटला रात्री आणखी एक होतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत संध्याकाळ झाली की भ्रम सुरू होतो. आजोबा म्हणतात मला घरी जायचंय, नळी ओढतात, कठडा ओलांडून उठू पाहतात. हा हट्ट नसतो आणि बहुतेक वेळा वेडही नसतं. दुखणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता, सोडियम कमी होणं, जंतुसंसर्ग, झोपेची गोळी, किंवा चष्मा आणि कानाचं यंत्र डब्यात ठेवून दिलेलं असणं, यांतलं काहीतरी असतं. झोपलेल्या आयाला हे कळत नाही, आणि पडून दुसरा खुबा मोडण्याची वेळ हीच.

म्हणून आमचा सल्ला ब्युरोवाल्यांना आवडणार नाही असा आहे. दिवसा घरात दोन माणसं असतील तर दिवसाची ड्यूटी घेऊच नका. तेच पैसे रात्री आठ ते सकाळी आठ या जागत्या ड्यूटीला द्या, आणि बोलताना 'जागती' हा शब्द वापरा. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि कागदावर वेळ लिहायची, ही अट आधीच सांगा. हवेची गादी नीट चालत असेल आणि पाठ कोरी असेल तर रात्री हे अंतर तीन-चार तासांवर नेता येतं, पण ते नर्सने पाठ बघून ठरवायचं, मावशीच्या झोपेवरून नाही.

आठची ड्यूटी म्हणजे आठच, हे घोडबंदर रोडला लागू होत नाही. माजिवडा-कापूरबावडीला अडकलं की कासारवडवलीला पोहोचायला पावणेनऊ होतात. दिवसाची मावशी आठला निघून गेलेली असते, तिला दिव्याची किंवा बदलापूरची गाडी गाठायची असते. मधल्या पाऊण तासात हँडओव्हर बुडतो. शेवटची वेदनाशामक गोळी कधी दिली, लघवी कधी झाली, कुठल्या कुशीवर किती वेळ झाला, हे कुणालाच माहीत नसतं. आणि मग गोळी दोनदा जाते. एक वही पलंगाला दोऱ्याने बांधून ठेवा. वेळ, कूस, लघवी किती मिली, संडास, गोळ्या, पायाच्या बोटांचा रंग, एवढे रकाने पुरे.

'खुब्याचं ऑपरेशन' हे एक ऑपरेशन नव्हे

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मांडीच्या हाडाची मान मोडली तर वयस्कांमध्ये बहुतेक वेळा गोळा बदलतात. मानेच्या जरा खाली, उंचवट्याच्या भागात मोडलं तर रॉड टाकून स्क्रू बसवतात, कार्डावर पीएफएन असं लिहिलेलं असतं. गोळा बदललेला सांधा निखळू शकतो. रॉडवाल्याचा निखळण्याचा प्रश्न नसतो, तिथे प्रश्न असतो पायावर किती वजन टाकायचं आणि कधी. मावशीला फोनवर फक्त 'खुब्याचं ऑपरेशन' सांगितलेलं असतं. ती मागच्या घरी जे करायची तेच इथे करते. रॉडवाल्या आजींना महिनाभर पायांमध्ये उशी देऊन पाठीवर जखडून ठेवलं जातं, आणि गोळा बदललेल्या आजोबांना बुटक्या सोफ्यावर बसवलं जातं.

गोळा बदललेला असेल तर डिस्चार्ज घेतानाच विचारा, सांधा मागून उघडलाय, बाजूने की पुढून. मागून असेल तर तीन बंधनं: खुबा ९० अंशांपुढे वाकवायचा नाही, ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायावर किंवा मध्यरेषेपलीकडे न्यायचा नाही, गुडघा-पाऊल आत वळवायचं नाही. सर्जन सांगतील तितके दिवस, साधारण सहा ते बारा आठवडे. पुढून असेल तर भीती उलटी, पाय मागे ताणणं आणि पाऊल बाहेर फिरवणं टाळायचं. कार्ड इंग्रजीत असतं आणि बहुतेक मावश्या ते वाचत नाहीत. पलंगासमोरच्या भिंतीवर जाड पेनाने मराठीत, लागलं तर हिंदीतही, लिहून चिकटवा: "गुडघा छातीकडे आणायचा नाही. मांडीवर मांडी नाही. खाली वाकून चप्पल नाही. वजन: अर्धं." शेवटची ओळ सर्जनने सांगितली असेल तशी. भिंतीवरच्या या कागदाचा उपयोग ब्युरोच्या सगळ्या आश्वासनांपेक्षा जास्त होतो, कारण बदली माणूस आला तरी कागद तिथेच असतो.

कूस बदलण्याची रीत नीट बघून घ्या, पहिल्याच दिवशी मावशीकडून आपल्यासमोर करून घ्या. खांद्यापासून मांडीपर्यंत एक आडवी चादर दुहेरी घडी करून कायम अंगाखाली ठेवायची. हलवण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची गोळी गेलेली हवी. दोन उश्या मांडीपासून घोट्यापर्यंत पायांच्या मध्ये, फक्त गुडघ्यांमध्ये नाही. नुसती गुडघ्यात उशी दिली की पाऊल खाली लोंबतं आणि खुबा आत वळतो. मग दोन्ही बाजूंना एकेक माणूस, चादर मुठीत गुंडाळून धरायची, पेशंटला किंचित उचलून चांगल्या बाजूला वळवायचं आणि पाठीला उशी लावायची. पूर्ण ९० अंशांत कुशीवर नको, कारण सगळा भार खालच्या खुब्याच्या उंचवट्यावर जातो. तीस अंशांचा तिरपा कल बस. काखेत हात घालून वर ओढणं ही वॉर्डातून आलेली वाईट सवय आहे. शरीर वर जातं, माकडहाडावरची कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतून फाटते.

टाचा तर लक्षातच राहत नाहीत कुणाच्या. पोटरीखाली मऊ उशी आडवी द्यायची, टाच हवेत तरंगली पाहिजे. टाच आणि गादी यांच्यामधून कागद सरकला तर बरोबर.

बेडपॅन चांगल्या बाजूने सरकवायचं, चपटं मिळालं तर तेच घ्या. डायपर पँटसारखा ओढायचा नको, टेपवाला घ्या. पँटचा डायपर चढवताना आया पाय उचलून, गुडघा पोटाकडे वाकवूनच चढवते, दुसरा मार्गच नसतो. ही चार पैशांची गोष्ट सांधा निखळण्यापर्यंत नेऊ शकते. निखळला तर कळतो: एकदम कळ, पाय आखूड दिसतो, मागून उघडलेल्या सांध्यात पाऊल बहुधा आत वळलेलं असतं, आणि पेशंट पाय हलवू देत नाही. ओढायचा नाही, सरळ करायचा नाही. आहे त्या स्थितीत उश्यांनी आधार द्यायचा, खायला-प्यायला बंद, आणि १०८ ला किंवा सर्जनच्या हॉस्पिटलला फोन.

गुडघा

गुडघे बदललेल्या पेशंटबाबत सेवेचा अनुभव एकंदर बरा आहे. एकच चूक सार्वत्रिक आहे, गुडघ्याखाली उशी. पेशंट मागतो, मावशी प्रेमाने देते. गुडघा किंचित वाकलेला राहिला की दुखत नाही, पण तो तसाच आखडतो आणि मग पूर्ण सरळ होत नाही. गुंडाळलेला टॉवेल द्यायचा तर घोट्याखाली द्या. बर्फ टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नको. जागेपणी दर तासाला दहा-दहा वेळा पाऊल वर-खाली करून घेणं हे मावशीचं काम. गुडघा जोर लावून वाकवणं हे तिचं काम नाही. ते फिजिओथेरपिस्टवर सोडा.

आणि मालिश नको. तिळाचं तेल कोमट करून पोटऱ्या चोळणं हा अनेक घरांत आईच्या मायेचा आणि मावशीच्या कामसूपणाचा पुरावा असतो. ऑपरेशननंतर पोटरीतल्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. ती चोळून सुटली तर फुप्फुसात जाते. एकच पोटरी सुजली, गरम झाली, दाबून दुखू लागली तर सर्जनला त्याच दिवशी कळवायचं. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर थांबायचं नाही, १०८.

फेरीची नर्स

गुठळी होऊ नये म्हणून बऱ्याच पेशंटना एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन घरी चालू ठेवतात, नेहमीचा डोस ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. किडनी कमजोर असेल तर डोस कमी असतो. काहींना त्याऐवजी गोळ्या देतात. हे इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सकडे जरा लक्ष द्या. भरलेल्या सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा असतो, तो काढायचा नसतो. तो काढताना थोडं औषध जातं. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटाच्या बाजूला कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ उभी आत, औषध संपेपर्यंत चिमटी सोडायची नाही, नंतर चोळायचं नाही. रोज बाजू बदलायची. पोटावर मोठाले काळे-निळे डाग दिसले तर बहुधा चोळलेलं असतं. वेळ रोज एकच हवी. सकाळी नऊची नर्स ट्रॅफिकमुळे दुपारी दोनला येणं एखाद्या दिवशी ठीक, रोज नाही. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकायची आणि ती नर्सने परत न्यायची. सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात टाकली तर ती कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसते.

ड्रेसिंगच्या बाबतीत मात्र ब्युरोंवर आमचा राग आहे. हल्ली बरेच सर्जन पाणी आत न जाणारं ड्रेसिंग लावून पाठवतात आणि टाके काढेपर्यंत हात लावू नका म्हणतात. कोरडं, न भिजलेलं ड्रेसिंग रोज उघडण्याने जखम लवकर भरत नाही, जंतूंना रोज दार उघडं मिळतं तेवढंच. तरी 'रोजचं ड्रेसिंग, पंधरा दिवसांचं पॅकेज' विकलं जातं. कार्डावर काय लिहिलंय ते वाचा. ड्रेसिंग भिजलं, सुटलं, वास आला, कडेची कातडी लाल-गरम झाली किंवा ताप आला तरच उघडायचं, आणि तेव्हा सर्जनला फोटो पाठवून. टाके किंवा स्टेपल बारा ते चौदा दिवसांनी निघतात. स्टेपलला वेगळा रिमूव्हर लागतो, नर्सच्या पिशवीत तो आहे का हे आदल्या दिवशी विचारा. कात्री-चिमट्याने स्टेपल उपटणारे महाभागही आहेत.

पायाला बाहेरून सळ्या लावलेल्या असतील तर प्रत्येक पिनेला वेगळा बोळा, पिनेपासून बाहेरच्या दिशेने. थोडा पाणीदार स्राव चालतो. पू, वाढतं दुखणं आणि हलणारी पिन चालत नाही.

आठवड्याची गोळी

हाडा-सांध्याच्या पेशंटच्या पुडीत 'आठवड्यातून एकदा' घ्यायच्या गोष्टी एकापेक्षा जास्त असतात. ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट, हाडं ठिसूळ असतील तर अॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, संधिवात असेल तर मेथोट्रेक्सेट. मावशी कार्डावरचं १-०-० बघते आणि रोज सकाळी देते. मेथोट्रेक्सेट रोज गेलं तर काही दिवसांत तोंड सोलपटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीव जाऊ शकतो. हा धोका औषधांच्या जगात नवा नाही, तरी घरोघर डब्यात ती गोळी बाकीच्या गोळ्यांशेजारीच पडलेली असते. तिची जागा घरच्या माणसाच्या कपाटात, कुलपात. ठरलेला वार, ठरलेला माणूस, वहीत सही. फॉलिक अॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी.

अॅलेन्ड्रोनेट रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास ताठ बसून. चहाबरोबर नाही. जो पेशंट बसू शकत नाही त्याला ती गोळी द्यायचीच नाही, अन्ननलिकेला व्रण पडतो. डिस्चार्जच्या गडबडीत ही गोळी अंथरुणावर पडून असलेल्या पेशंटच्या यादीतही राहून जाते, म्हणून विचारा. कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर.

ट्रामाडोल ही दुखण्याची गोळी चालू असेल तर संडास दोन दिवस झाली नाही की तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. पडून राहणाऱ्याला कुंथावं लागू नये याची तजवीज गोळी सुरू होते त्याच दिवशी करायची असते.

प्लास्टर, वजन, मणका

कच्चं प्लास्टर म्हणजे अर्धी पट्टी, सुजेला वाव ठेवणारी. पक्कं प्लास्टर पूर्ण गोल. साधं पांढरं प्लास्टर पूर्ण वाळायला एक ते तीन दिवस लागतात, ठाण्याच्या पावसाळ्यात तीनच धरा. तोवर ते तळव्यांवर उचलायचं, बोटांनी नाही. बोटांचे खड्डे आत टोचतात. पहिले दोन दिवस हात-पाय छातीपेक्षा उंच. तासातासाने बोटं हलवायला लावा, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी होतंय का बघा. गोळीने न थांबणारं, वाढतच जाणारं दुखणं आणि बोटं हळूच ताणली तर जीव जाईल अशी कळ, हे आत दाब वाढल्याचं लक्षण. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, ती उशिरापर्यंत लागते. अशा वेळी पाय आणखी उंच करायचा नाही, छातीच्या पातळीला ठेवायचा आणि प्लास्टर फोडायला लगेच हॉस्पिटल. खाजेसाठी मोजपट्टी किंवा विणकामाची सुई आत घालू देऊ नका.

ऑपरेशन झेपणार नाही अशा पेशंटला पाय ताणलेला राहावा म्हणून घरी पायाला वजन लावून ठेवतात. ते वजन हवेत लोंबलं पाहिजे. जमिनीला किंवा पलंगाच्या नळीला टेकलेलं वजन म्हणजे शून्य वजन. वर सरकवताना मावशी वजन काढून ठेवते, ते काढायचं नाही. पट्टी गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दाबत असेल तर नस दबते आणि पंजा लुळा पडतो. दिवसातून तीन-चारदा अंगठा वर उचलायला सांगा.

मणक्याच्या पेशंटला ओंडका लोळवावा तसं एकसंध वळवतात, आणि त्याला किमान तीन माणसं लागतात. पट्टा किंवा ब्रेस पडल्यापडल्या बांधायचा, मग बसवायचं. एका आयाच्या भरवशावर हे ठरवू नका, ब्युरो 'जमेल' म्हणाला तरी.

भाड्याचं सामान

पलंगाचा प्रश्न उंचीचा असतो. साध्या फाउलर पलंगाची (हॉस्पिटलसारखा, डोक्याकडची बाजू उचलता येणारा) उंची कमी-जास्त होत नाही. त्यावर चार इंची गादी, त्यावर हवेची गादी चढली की बुटक्या आजींचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्या सरकत-सरकत उतरतात आणि घसरतात. गादी पातळ घ्या किंवा पायाखाली रुंद, न डगमगणारी पायरी ठेवा. हवेची गादी आली की पंप वजनाप्रमाणे लावून माकडहाडाखाली गादीच्या तळाशी हात घालून बघा. हाताला पेशंट टेकला तर हवा कमी आहे. वर एकच चादर. गोधडी, रबरशीट, वर टॉवेल असे थर घातले की गादीचे पैसे वाया.

सिडकोच्या जुन्या इमारतींत लिफ्ट नाही आणि संडासाचं दार अरुंद. व्हीलचेअर उघडल्यावर साधारण २४ ते २६ इंच भरते. टेप घेऊन दार मोजा, मगच ऑर्डर द्या. वॉकरची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीला यावी. खालची रबरी बुटं झिजलेली असतील तर दुकानदाराला तिथेच बदलायला लावा. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली.

गणपती आणि मे महिना

ब्युरोशी बोलताना बदलीचं आधी ठरवा. गणपतीत आणि मे महिन्यात अर्धी माणसं गावाला जातात, आणि बदली म्हणून जो येतो त्याला पेशंटचं नावही माहीत नसतं. आगाऊ पैसे महिन्याचे देऊ नका, आठवड्याचे द्या. ब्युरोचं कमिशन किती आणि मावशीच्या हातात किती पडतं हेही विचारून घ्या. फार कमी पडत असेल तर ती टिकणार नाही. तिला जेवण, चहा आणि बसायला नीट खुर्ची द्या. रात्रभर प्लास्टिकच्या स्टुलावर कुणी जागत नाही.

सरकारी आरोग्य योजनेतून किंवा पालिकेच्या कळव्याच्या हॉस्पिटलमधून ऑपरेशन झालं असेल तरी घरचा हा खर्च आपलाच असतो, तो आधीच धरून चाला.

सेवा बंद कधी करायची, हे ब्युरो कधीच सांगत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात दिसू लागतं की मावशी फार चांगली आहे. पाणी हातात देते, पलंगावरच अंग पुसते, वॉकर कोपऱ्यात उभा असतो आणि आजी खुशीत असतात. त्या खुशीत मांडीचे स्नायू सुकतात. सर्जनने वजन टाकायला परवानगी दिली असेल तर त्या दिवसापासून मावशीचं काम उलटं करून द्या: पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात, जेवण टेबलावर, अंघोळ बाथरूममध्ये उंच स्टुलावर, आणि मावशी फक्त दुखऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, पेशंटच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला हात लावून. दंड धरून नाही. पेशंट तोल जाऊन पडू लागला की दंड सुटतो, पट्टा सुटत नाही. आठवडाभर असं करून बघा. आजी दिवसातून चारदा स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येत असतील, तर बारा तासांची ड्यूटी तोडून सकाळी अंघोळीपुरते दोन तास मागा. अनेक ब्युरो आधी नाही म्हणतात. मावशीला थेट विचारलं तर ती सहसा हो म्हणते.